डोंगरमाथ्यावरचे मोजणीचे दगड शोधत हिंडणारं कोणी आहे का इथे?

शेफील्डकर
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, लिहायला आज मुहूर्त लागला. विषय जरा येडपट आहे, सांभाळून घ्या.

आम्ही चार वर्षं शेफील्डला आहोत. लेक नऊ वर्षांची, डोंगर म्हटलं की तिचे पाय दुखायला लागतात. ऑफिसातल्या एकाने सुचवलं की जिओकॅशिंग करून बघ. म्हणजे काय तर कोणीतरी कुठेतरी डबी लपवलेली असते, फोनवर अक्षांश-रेखांश मिळतात, आपण जाऊन शोधायची, आत कागदाची सुरळी असते तिच्यावर नाव लिहायचं आणि डबी होती तशी ठेवून द्यायची. पहिली डबी एका दगडी कुंपणाच्या फटीत सापडली, आतला कागद भिजून लगदा, पण पोरगी अशी खुश की घरी येईपर्यंत पाय दुखल्याचं नाव नाही.

त्याच भानगडीत स्टॅनेजच्या कड्यावर हाय नेबला (४५८ मीटर) गेलो तर तिथे काँक्रीटचा एक पांढरा खांब. माझ्या छातीपर्यंत येईल एवढा, खाली रुंद वर निमुळता. माथ्यावर पितळेची चकती आणि तिच्यात मधून बाहेर जाणाऱ्या तीन खाचा. पोरीने त्या खाचांत बोट घालून विचारलं, बाबा हे काय पिळायचं यंत्र आहे का. मला काय डोंबल माहीत. घरी येऊन वाचलं तेव्हा कळलं की याला ट्रिग पिलर म्हणतात. १९३६ ला इंग्लंडवाल्यांनी सगळा देश परत मोजायला घेतला, ते काम १९६२ पर्यंत चाललं, त्यासाठी टेकड्याटेकड्यांवर असे साडेसहा हजारांच्या आसपास खांब बांधले. त्या तीन खाचांत थिओडोलाईटचे (कोन मोजायच्या यंत्राचे) तीन पाय बसायचे, म्हणजे दरवेळी यंत्र बरोब्बर त्याच जागी. आता जीपीएस आल्यावर खांबांना काम उरलं नाही, पण लोक हौसेने ते 'गोळा' करत फिरतात. खांबाच्या एका अंगाला धातूची पट्टी असते, तिच्यावरचा नंबर टिपायचा, फोटो काढायचा, झाला आपला एक.

आमचे ६३ झाले. मॅम टॉर, किंडर लो, विन हिल वगैरे. हायर शेल्फ स्टोन्सच्या खांबाजवळ तर १९४८ साली कोसळलेल्या अमेरिकन विमानाचे तुकडे अजून गवतात पडलेत, १३ माणसं गेली होती. तिथे पोरगी एकदम गप्प झाली, उतरताना हात धरून चालली.

तर प्रश्न असा, डिसेंबरात तीन आठवडे गावी येतोय, जुन्नर तालुक्यात. आपल्या सह्याद्रीत असं काही आहे का? पोरीला ६४ वा आजोबांच्या गावचा हवाय.

बटाटेपोहे
म्हणजे विमानाचं तिकीट काढून परदेशात जायचं आणि रविवारी खांब मोजत हिंडायचं. आमच्या गल्लीत लाईटीचे अकरा खांब आहेत, सातवा तिरका आहे, नंबर पण टाकलेत. या कधीपण, चहा माझ्याकडून.

चहाटळ
बटाटेपोहे =)) =))

घाटवाटसरू
धागा आवडला. आपल्याकडे आहेत की, पण खांब नाहीत म्हणून दिसत नाहीत. पंधरा-सोळा वर्षं डोंगरात फिरतोय, निदान सात-आठ माथ्यांवर कातळात कोरलेलं वर्तुळ आणि मधे टिंब बघितलंय, कधी त्याच्याभोवती त्रिकोण. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ग्रुपला छाती ठोकून सांगितलं होतं की ही शिवकालीन तोफेची खूण आहे. फोटो पण टाकला, शे-दीडशे लाईक. नंतर एकाने हळूच सांगितलं की बाबा रे ही सर्व्हेची खूण आहे. फोटो अजून तसाच आहे, काढायला लाज वाटते.

एक विनंती मात्र. खुणा बघा, पण त्या डब्या लपवायचा प्रकार आपल्या किल्ल्यांवर आणू नका. आधीच कोपऱ्याकोपऱ्यात बाटल्या आणि वेफर्सची पाकिटं आहेत, त्यात अजून हौशी लोकांचे डबे नकोत. आणि उद्या कोणी तटबंदीतला चिरा काढून मागे डबी सारली म्हणजे?

सिअॅटलचा_सदू
इथे अमेरिकेतच सुरू झालं हे डबी प्रकरण. २ मे २००० ला इथल्या सरकारने जीपीएसमधली मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली, दुसऱ्याच दिवशी ओरेगनमधे एकाने जंगलात बादली पुरली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. एक दिवस पण धीर नाही धरवला.

इथल्या खुणा म्हणजे तळहाताएवढ्या धातूच्या चकत्या, खडकात बसवलेल्या. जुन्यांवर सरळ लिहिलेलं असतं की ही हलवाल तर २५० डॉलर दंड किंवा तुरुंग. पूर्वी जिओकॅशिंगच्या साईटवर या चकत्या नोंदवायची वेगळी सोय होती, माझ्या दीडशेच्या वर नोंदी होत्या. २०२३ च्या सुरुवातीला ती बंद केली. बायको म्हणाली चला एक व्यसन सुटलं. मी आता वहीत लिहितो.

@घाटवाटसरू, डबीला माझा पण विरोध, पण शेफील्डकर डबी ठेवायचं म्हणतच नाहीयेत हो. खूण शोधण्यात तेच तर बरं आहे, जागेवर आपण काहीच ठेवत नाही. जिओकॅशिंगवाल्यांचा पण अर्थकॅश म्हणून प्रकार आहे, त्यात डबी नसतेच, जागेवर जाऊन खडक बघून प्रश्नांची उत्तरं द्यायची.

निवृत्त_मोजणीदार
शेफील्डकर, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. माझी सगळी नोकरी मोजणीत गेली, त्यातली सुरुवातीची वर्षं डोंगरावर. थोडं सविस्तर लिहितो, टायपिंग हळू आहे.

आधी एक घोळ मिटवू. खुणा दोन जातीच्या. एक त्रिकोणमितीचं स्टेशन, ते डोंगरमाथ्यावर, कारण तिथून दुसरे माथे दिसले पाहिजेत. त्याने जागा ठरते. दुसरी बेंचमार्क, तिने फक्त उंची ठरते, म्हणून ती देवळाच्या पायरीवर, पुलाच्या कठड्यावर, सरकारी इमारतीच्या जोत्यावर सापडते. तिथे 'जीटीएस' (ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे, म्हणजे इंग्रजांनी केलेली देशाची मोजणी) अशी इंग्रजी अक्षरं, मधे चौकोन आणि खाली 'बीएम' असं कोरलेलं असतं. तुम्हाला हवंय ते पहिलं, पण मुलीला दमणूक नको असेल तर दुसरी जात उत्तम. पुण्यात जीपीओसमोर १८७२ चा दगड आहे, तिथे रिक्षाने जाता येतं.

आता डोंगरावरची. १८०२ साली मद्रासजवळ ही मोजणी सुरू करणाऱ्या लॅम्बटन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने साडेसात मैलांची एक सरळ रेघ साखळीने मोजली. बारा किलोमीटर मोजायला कित्येक आठवडे गेले. पण एकदा ही एक बाजू नक्की झाली की पुढे साखळी ओढत बसायला नको, लांबच्या डोंगराकडे दोन्ही टोकांवरून फक्त कोन घ्यायचे. कोन कळले की त्रिकोणाच्या बाकीच्या बाजू कागदावर काढायच्या, मग त्यातली एक बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया. असं करत करत देश विणून काढला. यंत्र होतं अर्ध्या टनाचं. १८०८ मधे तंजावरच्या देवळावर चढवताना दोर तुटला आणि ते भिंतीवर आपटलं, वर्तुळाला पोचा आला. लॅम्बटन तंबूत दार लावून बसला आणि सहा आठवडे त्याने ते स्वतः ठोकून सरळ केलं.

स्टेशन करायची पद्धत अशी. जिवंत कातळात वर्तुळ आणि टिंब खोदायचं. त्यावर दगडांचा चौथरा रचायचा आणि चौथऱ्याच्या माथ्यावर बरोब्बर त्याच टिंबाच्या ओळंब्यात दुसरा दगड, त्यावर तशीच खूण. म्हणजे वरचा दगड कोणी हलवला तरी खालची खूण शाबूत. काम झालं की स्टेशन गावच्या पाटलाच्या हवाली करायचे. आमच्या वेळी जुन्या स्टेशनवर गेलो की निम्म्या ठिकाणी चौथरा उकरलेला. साहेब एवढ्या वर येऊन दगड रचून गेला म्हणजे खाली नक्की धन पुरलं असणार, हा लोकांचा हिशोब. त्यात चूक तरी काय म्हणा.

मी पहिल्यांदा अशी खूण शोधली तेव्हा आम्ही चौघं आणि दोन खलाशी. (आमच्याकडे सामान वाहणाऱ्या, झेंडा धरणाऱ्या मदतनिसाला खलाशी म्हणतात, समुद्राशी संबंध नाही.) माथाभर गवत कमरेएवढं. आम्ही वर्णनाचा कागद हातात धरून इकडून तिकडे पावलं टाकतोय, तोवर म्हातारा खलाशी एका जागी उकिडवा बसला, विळ्याने हातभर गवत कापलं, माती हाताने सारली आणि पाण्याची बाटली ओतली. काळ्या दगडावर पाणी पसरलं आणि टिंबात तेवढं साचून राहिलं. रुपयाच्या नाण्याएवढं चमकत होतं. त्याला विचारलं कसं कळलं, तर म्हणाला इथून चारी बाजू दिसतात साहेब, मी असतो तर इथंच केलं असतं.

मुलीला हेच सांगा. माथ्यावर गेल्यावर फोन खिशात ठेवायचा आणि चारी बाजू जिथून दिसतात ती जागा शोधायची.

ढगातलीगौरी
मोजणीदार काका, काय सुंदर लिहिलंय. टिंबात साचलेलं पाणी डोळ्यासमोर आलं.

आमच्या आजोळी गावामागच्या टेकडीवर एक वेताळ आहे. लहानपणापासून दर वर्षी नारळ फोडायला जातोय. शेंदराचे थर एवढे की दगडाचा आकारच कळत नाही. तीन वर्षांपूर्वी मोठ्या पावसात एका बाजूचं कवच निघालं, मामाने फोटो पाठवला, आत कोरलेला गोल आणि त्याच्याभोवती त्रिकोण! घरात दोन तट पडले. मामा म्हणतो सर्व्हेचा दगड आहे, मोठी मामी म्हणते गोल म्हणजे डोळा आहे, देव जागा झालाय. त्या वर्षी नारळ दुप्पट फुटले.

बटाटेपोहे
म्हणजे वेताळाच्या नावाने इतकी वर्षं इंग्रज सरकारला नारळ! व्याजासकट परत मागा.

ढगातलीगौरी
मामी हा धागा वाचत नाही हे तुमचं नशीब.

कातळकोरडा
सगळे कौतुकात न्हाऊन निघालेत म्हणून विचारतो. मोजलं कशासाठी? सारा वसूल करायला आणि फौजा हलवायला. डोंगराला आपली नावं होती, लोकांना आपल्या हद्दी माहीत होत्या. त्यांच्या खुणा हौसेने शोधत फिरायच्या म्हणजे आपल्याच मानेवरच्या जोखडाचे वळ मोजण्यासारखं आहे.

घाटवाटसरू
मग रेल्वेने पण जाऊ नका.

कातळकोरडा
रेल्वेचा फोटो काढून 'झाली एक' म्हणून वहीत टिकमार्क करत नाही मी.

निवृत्त_मोजणीदार
कातळकोरडा, तुमचं म्हणणं चूक नाही. हेतू राज्य करायचाच होता, ते नाकारण्यात अर्थ नाही. फक्त एवढंच सांगतो, त्या चौथऱ्याचे दगड कुठल्या साहेबाने नाही वाहिले. झेंडे घेऊन पुढच्या डोंगरावर पंधरापंधरा दिवस एकटी बसणारी माणसं आपलीच. पावसानंतर धूळ बसून हवा स्वच्छ होते, लांबचं दिसतं, म्हणून काम त्याच दिवसांत, आणि हिवतापाने माणसं मरायची ती पण त्याच दिवसांत. एव्हरेस्टची उंची गणिताने काढणारे राधानाथ सिकदर बंगालचे, १८५२ ला आकडा त्यांनी काढला आणि शिखराला नाव लागलं दुसऱ्याचं. त्या म्हाताऱ्या खलाशाचं नाव आमच्या रिपोर्टात पण नव्हतं. खूण मला त्याची वाटते.

कातळकोरडा
हे पटलं. टिकमार्क तरी करणार नाहीच.

वऱ्हाडी_ठेचा
लॅम्बटनचं नाव निघालं म्हणून लिवतो. तो बुवा मेला आमच्या हिंगणघाटले, २० जानेवारी १८२३. हैदराबादहून नागपूरकडे चालला होता मोजत मोजत, रस्त्यातच गेला. कबर तिथंच हाय. आमी कॉलेजात होतो तवा मित्राच्या गावी गेलो अन सहज विचारलं लॅम्बटनची कबर कुठं, तं चार लोकायनं चार दिशा दाखवल्या. ज्यानं अख्खा देश मोजाले घेतला त्याचीच जागा कोनाले सांगता येईना.

अन नागपूरचा झिरो माईल तं सगळ्यायनं पाह्यलाच असन. देशाचा मध्यबिंदू.

सिअॅटलचा_सदू
ठेचाभौ, तो मध्यबिंदू आहे म्हणतात, पण दगडावर तर बेंचमार्क लिहिलंय ना? बेंचमार्क म्हणजे उंची असं काकांनी वर सांगितलं.

वऱ्हाडी_ठेचा
आमच्या शाळेत मध्यबिंदूच शिकवला, तुमाले काय प्रॉब्लेम हाय?

निवृत्त_मोजणीदार
दगड १९०७ चा, स्टँडर्ड बेंचमार्क. वर आकडा आहे १०२०.१७१ फूट, समुद्रसपाटीपासून. कामाने तो उंचीचाच दगड. समुद्रसपाटी कुठली म्हणाल तर नऊ बंदरांवरच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून ठरवलेली, त्यात मुंबईचं अपोलो बंदर एक. फाळणीपूर्वीच्या देशाचा मध्य तिथे जवळपास आला असेल, पण त्यासाठी तो दगड बसवला असं म्हणता येत नाही. तिथले घोड्यांचे पुतळे बघायला मात्र जरूर जा.

वऱ्हाडी_ठेचा
घोडे तरी खरे हायेत म्हना.

चहाटळ
धागा शेफील्डहून नागपूरला आला. आता संत्रा बर्फीवर जाणार. मी आहे.

(संत्रा बर्फीवरचे पुढचे सव्वीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. – संपादक)

फुसकाबार
डब्यांवरून आठवलं. पाच-सहा वर्षांपूर्वी आम्हाला पण हे जिओकॅशिंगचं वेड लागलं होतं. मित्राने उत्साहात घरातला जुना स्टीलचा डबा घेतला, वर काळा टेप गुंडाळला, आत वही-पेन आणि शहराबाहेरच्या टेकडीवर बाकाखाली ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी फिरायला येणाऱ्या कोणीतरी बघितला. शिट्ट्या, दोऱ्या, माणसं हटवली, श्वानपथक, सगळं यथासांग. कुत्र्याने डबा हुंगला आणि शेपूट हलवली, कारण काकूंनी आदल्या आठवड्यापर्यंत त्यात बेसनाचे लाडू ठेवले होते. मित्राला चौकीवर बोलावून अक्षांश-रेखांश म्हणजे काय हे तीन तास समजावून सांगावं लागलं. डबा परत मिळाला नाही, काकू अजून विचारतात.

घाटवाटसरू
हेच हेच म्हणत होतो मी!

नकाशाची_घडी
मूळ प्रश्नाकडे येऊ का? @शेफील्डकर, सर्व्हे ऑफ इंडियाचे १:५०००० चे ओपन सीरिज नकाशे त्यांच्या साईटवरून फुकट उतरवता येतात, त्यासाठी साईटवर नोंदणी करावी लागते. नकाशात छोटा त्रिकोण, आत टिंब, बाजूला उंचीचा आकडा, ते स्टेशन. नुसतं टिंब आणि आकडा असेल तर फक्त उंची, तिथे खूण शोधत बसू नका. तुमच्या गावाचा नकाशा उघडा आणि घरातून चालत जाता येईल असा त्रिकोण बघा, कळसूबाईच पाहिजे असं नाही.

एक खड्डा आहे, मी त्यात पडलोय. जुन्या कागदी टोपोशीटवरून अक्षांश-रेखांश वाचून फोनमधे टाकलेत तर आपल्या भागात शंभरेक मीटर बाजूला जाल. ते नकाशे एव्हरेस्ट साहेबाने धरलेल्या पृथ्वीच्या आकारावर काढलेत, फोन वेगळी पृथ्वी धरतो. मी एकदा दोन तास उतारावरच्या करवंदीच्या जाळीत खूण शोधत होतो, अंगभर ओरखडे. खूण वर माथ्यावर, जिथे मी डबा उघडून जेवलो होतो तिथे.

बटाटेपोहे
पृथ्व्या दोन आहेत हे मला आजच कळलं. हप्ते कुठल्या पृथ्वीवरचे कापतात?

शेफील्डकर
(पाच आठवड्यांनी)
मंडळी, परत आलो. उशीर झाला, जेट लॅग आणि लेकीची शाळा.

नकाशाची_घडी यांचं ऐकून गावाचा नकाशा उघडला. घरामागच्या ओढ्यापलीकडे जो डोंगर मी जन्मापासून बघतोय, ज्याच्यावर गुरं राखायला जायचो, त्याच्यावरच त्रिकोण! वडिलांना सांगितलं तर म्हणाले, हां तो साहेबाचा ओटा, त्यावर आम्ही भाकरी खायचो. म्हणजे उभ्या जन्मात कोणी मला सांगितलं नाही, मी विचारलंच नाही म्हणून.

सकाळी साडेसहाला निघालो, मी, लेक आणि वडील (वय ७१, चपलेवर). वर गेलो तर ओटा नाही. दगड इकडेतिकडे पसरलेले, मधे खड्डा, खड्ड्यात निवडुंग. कोणीतरी धन शोधून गेलंय, काका म्हणाले तस्संच. पोरीचा चेहरा पडला. मग मी मोजणीदार काकांचं सांगितलं, फोन खिशात ठेव आणि चारी बाजू जिथून दिसतात ती जागा बघ. ती खड्ड्याच्या काठाने गोल फिरली, शेवटी खड्ड्यातच उतरली आणि म्हणाली इथूनच दिसतं, पण मी बुटकी आहे. आजोबांनी काठीने निवडुंग बाजूला धरला, मी हाताने माती काढली. टिंब सापडलं. वर्तुळ निम्मंच राहिलंय, उरलेल्यावर पहारीचे घाव आहेत. बाटलीत पाणी थोडंच होतं, ते ओतलं. साचलं हो काका.

वहीत ६४ लिहिलंय. नंबर नाही म्हणून तिथे तिने 'आजोबांचा ओटा' लिहिलं. येताना आजोबांनी खड्ड्यात तीनचार दगड परत रचून ठेवले, मी विचारलं कशाला, तर म्हणाले बसायला.

फोटो खाली देतोय.

निवृत्त_मोजणीदार
शेफील्डकर, फार छान. तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. जागा कुठली ते इथे लिहू नका, अजून कोणीतरी पहार घेऊन जाईल.

ढगातलीगौरी
'मी बुटकी आहे' =)) लेकीला खूप खूप शाबासकी.

बटाटेपोहे
चहाचं आमंत्रण अजून उभं आहे. सातवा खांब आता सरळ केलाय, घाई करा.

घाटवाटसरू
मस्तच! पण मला एकट्यालाच फोटो दिसत नाहीयेत का?

चहाटळ
मलापण नाही दिसत.

सिअॅटलचा_सदू
इकडेही नुसता चौकोन दिसतोय.

वऱ्हाडी_ठेचा
चौकोन म्हंजे बेंचमार्क असन.